निजलेल्या पाण्याची पातळी

नवीन पनवेल
१७ जानेवारी १९९६

श्री. गुरुदत्त यांस,

"बाय, आज पानी निजलंय. जागं असंल तवा मोजा."

ठमाबाईचं हे वाक्य तुला आठवतं का? मी ते विसरले असं मला वाटत होतं. सात वर्षं होत आली. परवा ऑफिसात नकाशे पसरून बसलो होतो, चहा आला, आणि कुणीही काही बोललेलं नसताना ते एकदम कानात आलं. तिच्याच आवाजात.

वर "श्री." लिहिलं, "यांस" लिहिलं, आणि खाली लगेच "तुला" लिहून बसले. साइटवर तू मला मॅडम म्हणायचास आणि आमच्या घरी आलास की दारात चपला काढता काढता ताई. आता यातलं काय चालेल मला ठाऊक नाही, म्हणून वरचं खोडत नाही.

संक्रांत झाली. पाकिटात थोडा हलवा घातला आहे. कुडाळपर्यंत त्याचा चुरा होईल, तरी घातला. रेवा सोळा वर्षांची झाली. मी पत्ता लिहीत होते तर विचारते, "हे ते उलट्या आकड्यांचे मामा का?" तुझ्या जुन्या लेव्हलच्या दुर्बिणीतून तिला स्टाफवरचे, म्हणजे त्या उंच मोजपट्टीवरचे, आकडे उलटे दिसायचे आणि ते वाचायला तू तिला शिकवलं होतंस. शाळेत ती मैत्रिणींच्या वह्या समोर बसून उलट्या वाचायची आणि मार खायची.

मी आता कार्यकारी अभियंता आहे. हाताखाली नऊ माणसं. आपण बांधलेला गव्हाणच्या दिशेचा रस्ता आता चौपदरी व्हायचा आहे आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. मी मागून घेतलं नाही. नाकारलंही नाही.

त्या रस्त्यालगतच्या, खाडीकाठच्या पाड्यापाशी गेले होते. ठमाबाई दिसली. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशाला बसून सुकट विकते. तिने मला ओळखलं, म्हणाली, "या बाय. तुमचाच रस्ता, तुमीच गिऱ्हाईक." मी अर्धा किलो जवळा घेतला. मग म्हणाली, "तो चष्म्यावाला पोऱ्या कुठं हाय?"

मी म्हटलं, "गेला तो, नोकरी सोडून."

"गेला का घालवलाव?"

मी हसले. तिच्यापुढे मी नेहमी हसतेच.

बाकी क्षेम. चौकशीचं जे झालं ते झालं, तो विषय मी काढत नाही. तुझं कसं चाललं आहे ते कळव. लोकांच्या जमिनी मोजून देतोस असं कुणीतरी सांगितलं.

दमयंती


११ फेब्रुवारी १९९६

गुरुदत्त,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा होती असंही नाही. तरी रोज टपाल नाक्यावरून येताना, आज असेल, असं वाटतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तो विषय काढत नाही. पत्र पेटीत टाकलं आणि वाटलं, मग कशाला लिहिलं? जवळ्याची बातमी द्यायला?

माझ्या टीममध्ये विश्वजीत म्हणून एक मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी पदवी घेतलेला, हुशार, कॅल्क्युलेटर बोटांनाच चिकटलेला. परवा त्याने पाड्याजवळ रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीचा नकाशा पुढे ठेवला. नवा रस्ता जुन्याला लागूनच जाणार, म्हणून जुनी मोरी तेवढ्याच मापाने पुढे लांबवली आहे. एका गाळ्याची, म्हणजे पाण्याला एकच वाट, आणि ठेंगणी. मी विचारलं, "भरतीची पातळी तपासलीस?"

तो म्हणाला, "मॅडम, तुमचीच तर आहे. लेव्हलबुकात तुमची सही आहे. तुमची पातळी काय तपासायची?"

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, गुरू. तो मला मान देत होता.

आज रविवार आहे. कमलाकर बाजारात गेले आहेत, रेवा क्लासला. मी तो दिवस पहिल्यापासून उभा करून पाहते आहे. कुठे चुकत असेन तर तू सांग.

पंधरा मार्च एकोणनव्वद. बुधवार. आदल्या दिवशी अष्टमी. नकाशे वीस तारखेच्या आत वर गेले नाहीत तर मार्चअखेर मंजुरी नाही, आणि मंजुरी नाही म्हणजे वर्ष गेलं. मला पहिल्यांदाच स्वतंत्र काम मिळालेलं. ऑफिसात "बाईंना जमेल का" हे दोन खोल्यांपलीकडून ऐकू यायचं. आपण दुपारी खाडीवर पोचलो. तू लेव्हल लावलीस. म्हसवडहून आलेला आपला खलाशी स्टाफ घेऊन चिखलात उतरेना. ठमाबाई जाळं सोडवत बसली होती. तिला कळलं की स्टाफ धरणाऱ्या माणसाला सरकारात खलाशी म्हणतात, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. "खलाशी म्हनता ना पोहाया नाय येत!" आणि स्वतःच उठून स्टाफ पाण्याच्या कडेला नेऊन उभा केला.

मग तिने ते वाक्य म्हटलं. मी विचारलं, पाणी निजतं म्हणजे काय? तिने सांगितलं, अष्टमीच्या पाठोपाठ भांग असतो, पाणी चढतच नाही, आळसात पडून राहतं. "होलीच्या उधानाला या. मंग बगा कुठंशी येतं."

मी हसले. हे नक्की आठवतं. तू हसला नाहीस, हेही.

तू म्हणालास, "मॅडम, ती बरोबर सांगते आहे. भांगाची भरती आणि उधाणाची भरती यात तीन-साडेतीन फुटांचा फरक पडतो. आठ दिवस थांबू. होळी बावीसला आहे."

मी म्हटलं, "वीसला नकाशे गेले पाहिजेत."

"आठ दिवस फक्त."

त्यानंतर तू तुझ्या लाल कडांच्या कच्च्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंस, "आज भांग. होळीच्या उधाणाला पातळी पुन्हा घ्यावी." आणि वही माझ्यापुढे धरलीस. मी तुझ्याच हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, "आवश्यकता नाही." आणि पुढे माझा द.

माझं अक्षर मला अजून दिसतं. घाईतलं होतं, पण नीट होतं.

ऑफिसात पक्क्या लेव्हलबुकात आकडे उतरवले. शेरे उतरवायची पद्धत नाही. दोघांनी सह्या केल्या. कच्ची वही तुझ्याकडे राहिली.

इतकं बरोबर आहे ना?

दमयंती


६ मार्च १९९६

गुरू,

काल धुळवड होती. ऑफिस बंद. मी परवाच भांडारातून जुनी लेव्हल सही करून घरी आणली होती. कमलाकर म्हणाले, "सणाला लोक पुरण आणतात, तू हे आणलंस." मी टीमला का घेतलं नाही हे मला धड सांगता येणार नाही. नऊ माणसं आहेत. विश्वजीत आनंदाने आला असता. पण मग त्याने विचारलं असतं, कशासाठी.

रेवा आली. पाड्यावर रंग चालला होता, ढोल वाजत होता. ठमाबाई कपाळापासून गळ्यापर्यंत गुलालाने माखलेली. माझ्या खांद्यावरची लेव्हलची तिपाई बघून म्हणाली, "सात वर्सांनी आलाव व्हय होलीला?"

मी म्हटलं, "उशीर झाला."

"पानी थांबलंय काय तुमच्यासाठी? चला."

आपण ज्याच्या उंचीवरून पातळी मोजली तो बांधावरचा दगड अजून आहे. त्यावर कुणीतरी मासळी सुकत घातली होती, ती तिने उचलली. दुपारी एकच्या सुमारास भरती पुरती आली. रेवा गुडघाभर पाण्यात स्टाफ धरून उभी, आणि तिचा दंड ठमाबाईने धरलेला. मी डोळा लावला. उलटे आकडे. पहिल्यांदा मला वाचताच येईनात. डोळ्यात पाणी आलं होतं की सवय गेली होती, कळलं नाही. रेवा तिकडून ओरडली, "आई, वाच की! पाय बुडताहेत!"

तीन वेळा वाचलं. आपल्या पातळीपेक्षा एक मीटर दहा सेंटिमीटर वर. मोरीच्या छताला पाणी टेकलं होतं. पाऊस नाही, वारा नाही, लख्ख ऊन. नुसतं जागं पाणी.

घरी येऊन मी दोन तास तेच आकडे पुन्हा पुन्हा मांडत बसले. रेवाला वाटलं तिने स्टाफ वाकडा धरला.

आता नव्वद सालच्या नारळी पौर्णिमेचं. सकाळी तू राखीला आला होतास. नारळीभाताचा दुसरा घास तुझ्या तोंडात असताना फोन आला. आपण जीपने गेलो तेव्हा रस्त्याच्या अलीकडे खाडी होती आणि पलीकडेही खाडी होती. भरती मोरीतून आत शिरलेली, मागून डोंगराचं पावसाचं पाणी आलेलं, आणि आपला भराव मध्ये धरणासारखा. दोन्ही पाण्यांना जायला ती एक ठेंगणी मोरी. पाड्यातले लोक नारळ सोडायला सजून निघाले होते. बायकांच्या केसांत अबोली होती आणि डोक्यावर तांदळाचे डबे. मातीच्या अकरा भिंती बसल्या, त्यात ठमाबाईची एक. पाणी तीन दिवस राहिलं. माणूस गेलं नाही, हे मी चौकशीतही सांगितलं आणि स्वतःलाही सांगत आले. पण खारं पाणी शेतात मुरलं आणि पुढची पाच वर्षं तिथे भाताची काडी उगवली नाही. हे चौकशीत कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात तू एक म्हातारा पाठीवर घेऊन चालला होतास. मी बांधलेली राखी भिजून तुझ्या मनगटाला चिकटली होती. माझ्याकडे तू पाहिलंस. तुझ्या बघण्यात राग होता का? ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

चौकशीत माझा जबाब आधी झाला. मी काय बोलले ते तू तिथेच खुर्चीवर बसून ऐकलंस. तरी मी ते माझ्या हाताने कधी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. मला विचारलं, "पातळी भांगाच्या दिवशी घेतली आहे याची कल्पना आपल्याला दिली होती का?" मी म्हटलं, "नाही."

एवढंच. पुढे काही जोडलं नाही. मनात होतं की आता तू वही काढशील. खरं सांगते, मी वाट बघत होते. तुझी शबनम पिशवी मांडीवर होती आणि तिच्या तोंडातून वहीची लाल कड दिसत होती. मी तेवढीच बघत होते. चौकशीच्या साहेबांनी तुला विचारलं, "तुमच्याकडे याबाबत काही लेखी आहे?" तू चष्मा काढलास, शर्टाच्या टोकाने पुसलास, परत घातलास.

"नाही, साहेब."

का, गुरू?

बाहेर आल्यावर तू "येतो, मॅडम" म्हणालास. त्या दिवसापर्यंत कामाच्या बाहेर तू मला मॅडम म्हटलेलं नव्हतंस.

ताई


१४ एप्रिल १९९६

गुरू,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण तुझं तेच ठाशीव अक्षर. "पत्रं मिळाली. रेवाला आशीर्वाद. ठमाबाईंना नमस्कार सांगावा. जुन्या वहीचं मनावर घेऊ नये."

मी ते कार्ड किती वेळा वाचलं असेल. मनावर घेऊ नये म्हणजे काय? तुझ्याकडे वही आहे आणि मी घेऊ नये, की वही कधीच पाण्यात गेली आणि आता बोलून उपयोग नाही? तू मला क्षमा केली आहेस का? की मी क्षमा मागण्याच्याही लायकीची उरले नाही, असं सांगतो आहेस? आणि हे "घेऊ नये" तू ताईला लिहिलंस की मॅडमला?

कमलाकरांना दाखवलं. ते म्हणाले, "मुलगा शहाणा आहे. त्याने मिटवलं, तूही मिटव. त्याने स्वतः तोंड उघडलं नाही, मग तू कशाला?" माझ्यावर त्यांची माया आहे, म्हणून म्हणाले. मला पटलंसुद्धा, संध्याकाळपर्यंत.

ठमाबाईला नमस्कार सांगितला. ती म्हणाली, "नमस्कार कशाला धाडतो, येवाचं ना. माजी भित कोन बांधील?" मग जरा थांबून, "त्याचं लगीन झालंय?" तुझ्याबद्दल मला इतकं साधंही ठाऊक नाही.

आता कामाचं. होळीची पातळी मी मोठ्या साहेबांपुढे ठेवली. नवे आहेत, आपल्या वेळचे नाहीत, माणूस समंजस आहे. त्यांनी आकडे पाहिले, नकाशा पाहिला. म्हणाले, "दमयंतीबाई, एक गाळा पुरणार नाही हे उघड आहे. तीन करू. जुन्या रस्त्याखालचीही मोरी फोडून वाढवू. पाडा परत बुडायला नको."

मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकले.

मग म्हणाले, "टिपणीत कारण मात्र घाला. मंजूर मोरी बदलतो आहोत, वरचे विचारतील. लिहा, तत्कालीन कनिष्ठ अभियंत्याने घेतलेल्या सदोष पातळीमुळे. चौकशीत सिद्धच झालं आहे, निकालाची प्रत जोडा."

मी म्हटलं, "साहेब, ती पातळी सदोष माझ्यामुळे होती. त्यांनी थांबायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं."

त्यांनी फाइल मिटली. "याचा कागद?"

"मी सांगते आहे ना."

"तुम्ही चौकशीतही सांगितलं होतं. त्यातलं कुठलं खरं धरू?"

आवाज न चढवता ते पुढे म्हणाले, "तुम्हाला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, हे मी समजू शकतो. पण वाईट वाटलं म्हणून बंद प्रकरण उघडता येत नाही. कागद आणा, मी स्वतः वर लिहीन, त्यांचं नाव साफ होईल, तुमच्यावर येईल ते येईल. कागद नसेल तर मी सांगितलं तशी टिपणी द्या. तीस तारखेला प्रस्ताव जातो. टिपणी नाही तर बदल नाही, मोरी आहे तशीच लांबेल."

विश्वजीतने टिपणीचा मसुदा टाइप करून आणला आहे. तुझं पूर्ण नाव, हुद्दा, निकालाचा क्रमांक. खाली माझ्या सहीची जागा. तो म्हणाला, "मॅडम, एका सहीत गावाचं काम होतंय. तो माणूस तर सोडून गेलाय, त्याला काय फरक पडतो?"

मी त्याला रागावले नाही. माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं.

ताई


२० एप्रिल १९९६

गुरू,

सहा दिवस ती टिपणी माझ्या टेबलाच्या खणात आहे. रोज काढते, वाचते, ठेवते. सही केली नाही. नाही करणार असंही मला अजून छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

सही केली तर मोरी तीन गाळ्यांची होईल. ठमाबाईच्या सुनेने यंदा पहिल्यांदा भाताचं बियाणं घरात आणलं आहे, मला नेऊन दाखवलं तिने, ते वाचेल. आणि पाच वर्षांपूर्वी मी तुझ्यावर जे तोंडाने ढकललं ते आता लेखी ढकलेन. सही केली नाही तर माझे हात स्वच्छ राहतील आणि एखाद्या श्रावणात पाणी पुन्हा त्यांच्या घरात जाईल. कमलाकर म्हणतात, यात विचार करण्यासारखं काय आहे, गाव मोठं की एक नाव मोठं? ते बरोबर आहेत. पण ते नाव तुझं आहे आणि चूक माझी आहे, इथे येऊन माझं डोकं चालेनासं होतं.

तिसरी वाट एकच आहे. ती तुझ्याकडे आहे, जर असेल तर.

हे सगळं मी कुणासाठी करते आहे हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. तुझ्यासाठी असतं तर एक्याण्णव सालीच केलं असतं. पाड्यासाठी असतं तर सही करून मोकळी झाले असते. मग माझ्यासाठीच असेल. असू दे. पण त्याने पाण्याची पातळी बदलत नाही.

तू गप्प का राहिलास याची मी किती उत्तरं केली आणि मोडली. मनगटावर राखीचा विटका दोरा चौकशीच्या दिवशीही होता, तेवढ्यासाठी? की तुला वाटलं, ही बाई पहिलीच आहे, ही पडली तर पुढच्या कुणा बाईला साइटवर उभं करणार नाहीत? एकदा जीपमध्ये तू तसं काही म्हणाला होतास. की माझा "नाही" ऐकून तुला माझी इतकी किळस आली की वही काढून माझ्याशी एका कागदावर यायचंही तुला नको झालं? यातलं शेवटचं असेल तर ते मला सगळ्यात सोपं जाईल. पहिली दोन मला पेलवत नाहीत.

परवा पाड्यावर गेले होते. ठमाबाईला सगळं सांगितलं. तिला तरी सांगायला हवं होतं, वाक्य तिचंच होतं. ती सुकट निवडत होती, वर पाहिलं नाही. म्हणाली, "मला ठाव हाय. मी तितंच तं हुते. तुमी लिवलंव, मी बगितलं. वाचाया येत नाय, पन लिवताना दिसतं ना मानूस."

"मग सात वर्षं कुणाला बोलली का नाहीस?"

"मना कोन इचारलं?"

खरंच, चौकशीत तिला कुणी बोलावलं नव्हतं. मीही नाव सुचवलं नव्हतं.

मी विचारलं, "आता सांगशील? साहेबांपुढे?"

"सांगीन. पन माजा आंगठा, बाय. त्यांना अक्सर लागतं." मग हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "त्या पोऱ्याकडनं मागा. नाय म्हनंल. तरी मागा."

काल मी साहेबांकडे गेले. म्हटलं, तीस तारखेच्या आत टिपणी देते, पण मला आठ दिवस द्या. त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "आठ दिवसांनी काय होणार आहे?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "बरं."

इतकं सोपं होतं, गुरू. एक माणूस आठ दिवस मागतो आणि दुसरा बरं म्हणतो.

तर मी मागते आहे. वही असेल, तर रजिस्टरने पाठव. पंधरा मार्चचं ते एक पान पुरे, पण शक्य तर अख्खी वही पाठव, म्हणजे पान मागाहून घुसवलं असं कुणी म्हणणार नाही. पाकिटावर माझं नाव घालू नकोस, साहेबांच्या नावाने पाठव. माझ्या हाती आली तर मी काय करीन याची मला आज खात्री देता येत नाही, आणि तुला आता खोटं सांगायचं नाही. पत्ता मागे लिहिला आहे. अठ्ठावीसला रविवार आहे, म्हणून सत्तावीसपर्यंत पोचायला हवी.

तू पाठवणार नाहीस, हे मला दिसतं आहे. सत्तावीसला एक कार्ड येईल, ठाशीव अक्षरात, आणि त्यावर "आवश्यकता नाही" एवढंच असेल, आणि त्याखाली तुझा ग. तुला तो हक्क आहे. तरी पाठव.

ताई